टँकरचा पाऊस

तो मला पहिल्यांदा दिसला तेव्हा तो माझ्या वर्गाची भिंत घाण करत होता.

सकाळचे साडेसहा झाले होते. नववी ‘ब’चं दार सताड उघडं. आत एक लांब हातापायांचा माणूस स्टुलावर उभा, एका हातात चहाच्या पाण्याची बादली, दुसऱ्या हातात स्पंज. स्पंज बुडवायचा आणि खिडकीखाली तपकिरी ओघळ सोडायचा, असं त्याचं अगदी मन लावून चाललं होतं. ती भिंत मी आणि पोरांनी मे महिन्यात चार दिवस खपून रंगवली होती.

“काय करताय?” मी विचारलं.

“ओल आणतोय,” तो वळून न बघताच म्हणाला. “उद्यापर्यंत वाळली की एकदम असली दिसंल.”

“खाली उतरा.”

त्यानं वळून बघितलं. आधी माझ्या हातातलं हजेरीपुस्तक, मग मला. उतरताना त्याच्या पायानं बादली कलंडली. मग ती फरशी त्यानंच पुसली, माझ्यासमोर, कोपऱ्याकोपऱ्यातून. मी दारात उभी राहून बघत होते. पुसतो बरं, एवढं माझ्या मनात आलं.

आमच्या शाळेत पिक्चरचं शूटिंग होणार हे हेडसरांनी सांगितलं होतं. शाळा घाण करणार हे सांगितलं नव्हतं. गुलमंडीच्या मागच्या गल्लीतली आमची जुनी अनुदानित शाळा. पटसंख्या दर वर्षी घटते, सायकल स्टँडच्या पत्र्याला भोकं आहेत, पण वर्ग स्वच्छ असतात. पिक्चरची गोष्ट अशी होती की एक तरुण शिक्षिका एका वाया गेलेल्या शाळेत येते आणि वाया गेलेल्या पोरांना सुधारते. त्यासाठी आमची शाळा पुरेशी वाया गेलेली नव्हती. म्हणून त्यांनी दोन काचा काढल्या, भंगारातून मोडके बाक आणले आणि भिंतींना ओल आणली. सकाळी आमची शाळा, दुपारी त्यांची, असं तीन आठवडे चालणार होतं.

त्या माणसाचं नाव राजकुमार मगरे. एरवी लग्नांची शूटिंग करायचा. या पिक्चरवर तो स्थानिक सहायक होता, म्हणजे गाड्या सांगायच्या, परवानग्या आणायच्या आणि मुंबईच्या नटांना इकडची बोली शिकवायची.

“राजकुमार,” मी म्हटलं, “नाव शोभतं तुमच्या धंद्याला.”

“आईनं ठेवलंय. तिला वाटलं, पोरगं पडद्यावर जाईल.” त्यानं स्पंज पिळला. “पडद्यामागं आलं. पण आलं तर खरं.”

दुसऱ्या दिवशी त्यानं हेडसरांकडून माझं आडनाव काढलं असावं. कारण सकाळी फाटकात तो “गुड मॉर्निंग”ऐवजी “जय भीम, हिवराळे मॅडम” म्हणाला. मीही जय भीम घातला. माझ्या आईच्या हिशेबानं स्थळाची अर्धी चौकशी इथंच संपते. मी एकोणतीस वर्षांची आहे आणि आईचे हिशेब मला तोंडपाठ आहेत.

शाळा सुटली की मी स्टाफरूममध्ये वह्या तपासत बसायचे, आणि तो काही ना काही विचारायला यायचा.

“मॅडम, आमची हिरॉइन फळ्यावर लिहितीय ते बरोबर दिसतंय का, एकदा बघता का?”

मी जाऊन बघितलं. “पोरांकडं पाठ करून एवढा वेळ लिहिलं तर मागं एक तरी मारामारी होते.”

“पिक्चरमधली पोरं गप बसतात.”

“मग ती वाया कुठं गेलीत?”

तो हसला. हसताना तो मान खाली घालायचा... हे मी कशाला लक्षात ठेवलं कोण जाणे. पुढच्या दिवशी तो चहाचे दोन कप घेऊनच आला.

“तुम्हाला असले पिक्चर आवडत नाय, व्हय ना?”

“आवडतात. रडूसुद्धा येतं. मग दुसऱ्या दिवशी शाळेत येते आणि राग येतो.”

“का बरं?”

“त्यातल्या बाईला एकच वर्ग असतो. मला पाच आहेत. तिला मतदारयाद्या घेऊन घरोघर फिरावं लागत नाही, खिचडीचे तांदूळ मोजावे लागत नाहीत. ती एक भाषण करते आणि पोरं बदलतात. मी भाषण केलं की पोरं विचारतात, मॅडम, हे परीक्षेला आहे का?”

“आणखी?”

“आणखी म्हणजे तिचं लग्न झालेलं नसतं. कधीच होत नाही.”

“ते का?”

“घरी जाऊन स्वयंपाक करायचा असेल तर पोरांना सुधारणार कधी?”

“नवऱ्याला येत असला स्वयंपाक तर?”

मी वहीतून मान वर केली. तो कपात बघत होता. कान मात्र लाल झाले होते. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून जरा धास्तीही वाटली. मी पुढची वही ओढली आणि एका बरोबर उत्तरावर चुकीची खूण केली.

त्याच आठवड्यात पावसाची चाचणी झाली. पिक्चरमधल्या शिक्षिकेला शेवटी भर पावसात उभं राहायचं होतं आणि आभाळ तर नोव्हेंबरचं, कोरडं ठणठणीत. म्हणून पाण्याचा टँकर मागवला. आमच्या गल्लीत आठव्या दिवशी नळ येतो, तोही पाऊण तास. आमच्या शिपाई आवडाबाई तो टँकर बघून हेडसरांना म्हणाल्या, “सर, यातलं दोन हंडे आधी माठात भरू द्या, मग पाडा तुमचा पाऊस.” भरू दिलं.

“मॅडम,” राजकुमार म्हणाला, “हिरॉइन हॉटेलवर हाय. तुमची उंची तेवढीच हाय. फक्त दोन मिनिटं उभ्या राहता का? कॅमेरा लावायचाय.”

“भिजणार नाही ना?”

“नाय. छत्री मी धरतो.”

मी मैदानाच्या मधोमध उभी राहिले. तो छत्री धरून शेजारी. वरून पाइपचं पाणी सुटलं ते आमच्या उजव्या अंगाला. त्यानं छत्री माझ्याकडं कलती केली आणि स्वतः निथळत राहिला. पाण्याला टँकरच्या पत्र्याचा वास होता. खाऱ्या शेंगदाण्यासारखा काही तरी वास त्याच्या शर्टाला होता, आणि तो इतका जवळून येत होता की मी श्वास जपून घेत होते.

“मला लिहायचंय,” तो मध्येच म्हणाला. “शूटिंग-बिटिंग पोटासाठी. खरं तर लिहायचंय मला. डायरेक्टर सर म्हणालेत... या शाळेतली एक खरी गोष्ट शोधून आण. बनवलेली नको. आणलीस तर पुढच्या पिक्चरचं लेखन तुझं.”

“सापडली?”

“बघतोय ना.” तो गोष्टीचं सोडून माझ्याकडंच बघत होता. “बघतोय अजून.”

दोन मिनिटांची दहा झाली. मी तक्रार केली नाही.

आता युसराबद्दल सांगायला हवं.

युसरा नववी ‘ब’मधली. तोंडाळ, भांडकुदळ, अख्ख्या शाळेत बदनाम. आठवीपर्यंत कुणाला नापास करत नाहीत, म्हणून ती नववीपर्यंत आली. पण तिला वाचता येत नाही. हे कुणाला कळलं नव्हतं, कारण तिचं अक्षर वर्गात सगळ्यांत सुंदर आहे. ती फळ्यावरचं चित्र काढल्यासारखं उतरवून घेते, एक काना इकडचा तिकडं होत नाही. मलाही कळायला तीन महिने लागले. गणिताला ती शांत असायची. वाचनाच्या तासाला मात्र, तिचा नंबर दोन पोरांवर आला की ती कुणाशी तरी भांडण उकरून काढायची आणि मी तिला वर्गाबाहेर काढायचे. एकदा मी बाहेर काढलं नाही. तेव्हा तिचा चेहरा बघितला, आणि मला कळलं.

त्यानंतर मी तिला रोज पावणेसातला बोलवायला लागले. वर्गात जाहीर सांगितलं, युसराला शिक्षा आहे, रोज लवकर येऊन प्रयोगशाळा झाडायची. ती झाडू घेऊन यायची, मी आतून कडी लावायचे आणि आम्ही बाराखडीपासून बसायचो. कल्पना तिचीच होती. “मॅडम, सजा बोल दो. सजा बोले तो कोई नहीं हसता,” असं म्हणाली होती. आता ती जोडाक्षर नसलेले शब्द वाचते, बोट ठेवून, हळू.

राजकुमारही रोज सकाळी लवकर यायचा. त्यानं झाडू घेऊन जाणारी पोरगी बघितली. एकदा विचारलंही, “रोज शिक्षा करता तिला?”

“करते.”

“जरा जास्त नाय होत?”

“नाही.”

मी त्याच्या मनातून जराशी उतरले हे मला दिसलं. वाईट वाटलं. तरी सांगितलं नाही. ती गोष्ट माझी नव्हती.

आणि मग त्यानं घोळ घातला. पिक्चरच्या शेवटी एक विद्यार्थिनी सगळ्या शाळेसमोर, पावसात, शिक्षिकेला लिहिलेलं पत्र वाचून दाखवते. त्या भूमिकेसाठी त्यानं युसराचं नाव सुचवलं. रोज शिक्षा भोगणाऱ्या पोरीला तेवढाच आनंद, म्हणून. दिग्दर्शकांनी तिला दोन वाक्यं बोलायला लावली आणि जागच्या जागी हो म्हटलं.

मी त्याला जिन्यात गाठलं. “तिला काढा.”

“का? पोरगी लई खूश हाय.”

“माझं ऐका. दुसरी कुणीही घ्या.”

“कारण सांगा मॅडम.”

मी मान हलवून नाही म्हटलं.

“तुम्हाला ती आवडत नाय,” तो म्हणाला. हळू म्हणाला, पण म्हणाला. “पिक्चरमधल्या बाईवर हसता तुम्ही. ती निदान पोरांना झाडू तरी देत नाय.”

तो खाली गेला. मी तिथंच कठड्याला धरून उभी राहिले. इतकं लागायचं कारण नव्हतं. ओळख जेमतेम बारा दिवसांची. पण लागलं.

दुसऱ्या सकाळी युसरानं प्रयोगशाळेत माझा हात धरला. “मॅडम, उनकू कुछ नक्को बोलो ना. राजू सर बोलके दिखाते, मैं याद कर लेती. मेरेकू पूरा याद है.” आणि तिनं ते सगळं पत्र घडाघडा म्हणून दाखवलं. एक शब्द चुकला नाही. मी तिला नाही म्हणू शकले असते. नाही म्हटलं नाही.

शूटिंगच्या दिवशी अख्खी शाळा मैदानात रांगेत बसवली होती. कॅमेरा, दिवे, टँकर, सगळं तयार; पावसाची एक तालीम होऊन मैदानाच्या मधोमध चिखल झाला होता. युसरा दोन वेण्या घालून मधोमध उभी. आणि दिग्दर्शक हातात नवा कागद घेऊन आले.

“मी पत्र बदललंय. आधीचं फार गोड होतं. बेटा, हे एकदा मोठ्यानं वाच, मग टेक घेऊ.”

युसरानं कागद घेतला. बघितला. तीनशे पोरं तिच्याकडं बघत होती, त्यात नववी ‘ब’ सगळ्यात पुढं. तिनं शेजारच्या लाइटवाल्याकडं वळून त्याला काही तरी शिवी दिली आणि कागद खाली फेकला. “ऐसा गंदा कागद कायकू दिया? मैं नहीं पढती.”

दिग्दर्शकांचा चेहरा बदलला. पोरं हसायला लागली. मी रांगेतून उठले, पण काय करणार होते ते मला आजही सांगता येणार नाही.

राजकुमार छत्र्यांपाशी उभा होता. त्यानं युसराकडं बघितलं. मग माझ्याकडं. माझ्या चेहऱ्यावर त्या क्षणी काही झाकलेलं नसावं, कारण तो एकदम हलला. चिखलातून येऊन त्यानं कागद उचलला.

“सर, चूक माझी हाय. इकडची पोरं असं पुस्तकी बोलत नाय, जीभ अडखळती. मी जरा इकडच्या ठेक्यात म्हणून दाखवतो तिला.”

“लवकर. टँकर संपतोय.”

त्यानं पत्र मोठ्यानं वाचलं. मग तुकडे पाडून वाचलं. मग तिसऱ्यांदा. युसरा त्याच्या ओठांकडं बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते. चौथ्यांदा वाचायला लागला तेव्हा दिग्दर्शक ओरडले, “अरे, पाठ करून घेतोस का काय तिच्याकडून!” तो म्हणाला, “झालंच, सर.” आणि पूर्ण वाचून संपवलं.

पाऊस सोडला. कागद अर्ध्या मिनिटात भिजून गेला, शाई ओघळली. युसरानं त्या कोऱ्या लगद्याकडं बघत अख्खं पत्र ‘वाचलं’. एका टेकमध्ये. शेवटी दिग्दर्शकांनी डोळे पुसले, हिरॉइन खरंच रडली, तीनशे पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. मी राजकुमारकडं बघत होते. तो गुडघ्यापर्यंत चिखलानं भरला होता आणि माझ्याकडं बघायचं टाळत होता.

पुढचे चार दिवस तो मला काही विचारायला आला नाही. एकदा सकाळी मी आणि युसरा प्रयोगशाळेत असताना पावलं दाराशी आली, थांबली आणि परत गेली. त्याला झाडूचंही कळलं होतं. मला झोप नीट लागेना. त्याला हवी होती तशी गोष्ट आता त्याच्या हातात होती. न वाचता येणारी पोरगी पिक्चरमध्ये वाचते, सगळे टाळ्या वाजवतात... यापेक्षा खरं त्याला काय सापडणार होतं? त्यानं फक्त तोंड उघडायचं. मग मुंबईतली माणसं येतील, हेडसर युसराला ऑफिसात बोलावतील, वर्गाला कळेल, आणि ती पोरगी उद्यापासून शाळेत येणार नाही. एवढंच होईल. आणि त्याचं आयुष्य मार्गी लागेल. त्यानं तसं केलं तर मी त्याला दोष देऊ शकेन का, हेसुद्धा मला ठरवता येईना. एवढं मात्र ठरलं की मला तो आवडतो. ते मला अशा वेळी कळलं, ज्या वेळी कळून काही उपयोग नव्हता.

शेवटच्या दिवशी सामान ट्रकमध्ये चढत होतं. वेरूळला दोन दिवसांचं काम उरलं होतं, तिकडं युनिट निघालं होतं. दिग्दर्शक हेडसरांच्या ऑफिसात निरोप घ्यायला आले. आम्ही चार शिक्षक होतो. राजकुमार दारात.

“हा पिक्चर गोड झाला,” दिग्दर्शक म्हणाले. “पुढचा मला खरा करायचाय. काय रे राजकुमार, तुला काम दिलं होतं. सापडलं काही?”

मी हातातला चहाचा कप टेबलावर ठेवला.

राजकुमारनं माझ्याकडं बघितलं नाही. तो आपल्या बुटांकडं बघत होता.

“नाय सर,” तो म्हणाला. “साधी शाळा हाय. पोरं येतात, शिकतात, घरी जातात. इथं काही घडत नाय.”

“तीन आठवडे होतास इथं.”

“व्हय सर.”

“तुला नजर नाही रे,” दिग्दर्शक म्हणाले. रागानं नाही, सहज म्हणाले. “ठीक आहे. तू लग्नंच कर शूट.”

सगळे हसले. राजकुमारही हसला, मान खाली घालून. मग तो दारातून गेला.

मी त्याला फाटकापाशी गाठलं. ट्रक निघून गेला होता. तो गेला नव्हता. वेरूळला त्याला बोलावलं नव्हतं, हे त्यानं सांगितलं नाही, पण मला समजलं.

“खोटं बोललात तुम्ही,” मी म्हटलं.

“व्हय.”

“मला एकदाही विचारलं नाहीत तिच्याबद्दल.”

“तुम्ही सांगितलं असतं का?”

“नाही.”

“मग?” “जिन्यात बोललो ते... झाडूचं. माफ करा मॅडम. अक्कल नव्हती.”

“मलाही सांगता आलं नसतं. चालायचंच.” “पस्तावा होतोय?”

त्यानं खोटं सांगितलं असतं तर मला कळलं असतं. रस्त्यावरून दोन रिक्षा गेल्या.

“लई होतोय,” तो म्हणाला. “गप राहायचं ठरवलं तेव्हापासनं सकाळी उठल्या उठल्या होतो. परत असला चान्स यायचा नाय. पण तुमच्याकडं बघितलं की कमी होतो.”

“मग रोज बघत जा,” मी म्हटलं.

बोलून गेले आणि मग माझे कान तापले. त्याच्या हातात कुणाची तरी विसरलेली छत्री होती, ती तो उगाच उघडमीट करत होता.

“रोज म्हणजे,” त्यानं विचारलं, “रविवारी पण?”

“रविवारी घरी या. आई-बाबा असतात.”